उजवीकडच्या माणसासाठी

मास्तर प्रार्थनेला लागले, की मंडळीतले जाणते लोक आधी पाय मोकळे करून घेत. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाई मशीनवरचे. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं एका दाराचं दुकान. गळ्यात टेप, खिशात खडू, ओठांत टाचण्या. टाचण्यांमुळे दिवसभर तोंड बंद ठेवावं लागायचं, त्याचा सगळा अनुशेष ते बुधवारी संध्याकाळी भरून काढत.

बुधवारी घरसभा असे, आळीपाळीने एकेकाच्या घरी. गाणी व्हायची, वचन वाचलं जायचं, आणि शेवटी सगळे गोल बसून हातात हात घेत, डोळे मिटत. मग प्रत्येक जण आपल्या उजवीकडच्या माणसासाठी मोठ्याने प्रार्थना करी. ही रीत चर्चच्या पाळकांनी घातली होती. रविवारी माणसं एकमेकांच्या पाठी बघत बसतात आणि तशीच घरी जातात, निदान बुधवारी तरी शेजारच्याचं काय चाललंय ते कळावं, एवढाच त्यांचा हेतू. मास्तरांना ही रीत भलतीच मानवली. नर्सबाईंचा गुडघा दुखत असेल, तर तो डावा की उजवा, जिना चढताना दुखतो की उतरताना, हे देवाला सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"देवाला पत्ता सापडायचा नाही अशी भीती वाटते ह्यांना," असं त्यांची बायको म्हणे. ती त्यांच्या डावीकडे बसायची, त्यामुळे नवऱ्यासाठी प्रार्थना करायचं काम तिच्याकडे होतं. ती ते एका वाक्यात उरकायची.

मास्तरांच्या उजवीकडे ड्रायव्हर बसायचा. शहरातली बस चालवायचा. दुपारची फेरी संपली की तो दुकानात येऊन टेकायचा. मास्तर शिवायचे, हा बोलायचा, आणि दोघांना वाटायचं की आपण गप्पा मारल्या. अशी त्यांची जुनी दोस्ती.

त्या आठवड्यात ड्रायव्हर पँटचं माप द्यायला आला. मास्तर गुडघ्यावर बसून लांबी घेत होते, तेवढ्यात वरून आवाज आला.

"मास्तर, गाडी चालवताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली."

मास्तरांनी टाचण्या तोंडातून काढल्या. "मग?"

"मग काय, गाडी कडेला घेतली. लोकांना वाटलं टायर बघायला उतरलो."

"वहिनींना सांगितलंस?"

"वेडा आहेस का? ती जिवाला लावून घेईल. आणि डेपोत कळलं तर स्टिअरिंगला हात लावू देणार नाहीत. मला दुसरं काय येतं सांग. तुला बोललो, हलकं झालं. आता पोटात ठेव."

"ठेवलं," मास्तर म्हणाले. आणि अगदी मनापासून म्हणाले.

बुधवारची सभा मास्तरांच्याच घरी होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मशीनचं स्टूलही बाहेर आलं होतं. ड्रायव्हरच्या पलीकडे मॅडम बसल्या. या मॅडम डेपोत कामाला, कोणत्या गाडीवर कोण जाणार हे त्याच ठरवत. त्यांच्या पलीकडे नर्सबाई, मग पाळक, आणि बरोबर समोर ड्रायव्हरची बायको, म्हणजे मास्तरांच्या वहिनी. हात गुंफले गेले. डोळे मिटले. मास्तरांच्या बायकोचं वाक्य झालं आणि मास्तरांची पाळी आली.

"हे दयाळू पित्या, तुझ्या या लेकरासाठी मी तुझ्यापाशी येतो. रोज एवढ्या लोकांना तो इकडून तिकडे सुखरूप नेतो. त्याचे हातपाय सांभाळ, त्याची नजर सांभाळ. आणि पित्या, गाडी चालवताना त्याच्या डोळ्यांपुढे जी अंधारी येते…"

ड्रायव्हरचा हात त्यांच्या हातात करकचून आवळला गेला. मग एकदम सैल पडला, मेल्यासारखा.

मास्तरांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. ते देवाशी बोलत होते. मध्ये इतके कान आहेत हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. कापडात कात्री आडवी गेली की शिंप्याला पहिल्यांदा वाटतं, ती मागे घेता येईल. मास्तरांनीही घेऊन पाहिली.

"…तशी ती आम्हा सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे येते, प्रभू. पापाची अंधारी."

पण "गाडी चालवताना" हे म्हणून झालं होतं, आणि पापाला लायसन्स लागत नाही. मास्तरांनी घाईघाईने नर्सबाईंचा गुडघा घेतला, पाळकांचा खोकला घेतला, जेवढ्यांची दुखणी ठाऊक होती तेवढी सगळी त्या एका दुखण्यावर रचली. एरवी मधूनमधून "होय प्रभू" म्हणणारे लोकसुद्धा मूग गिळून बसले होते. शेवटी मास्तरांचा दम संपला.

आता ड्रायव्हरची पाळी. त्याच्या उजवीकडे मॅडम. त्यांच्यासाठी मागायचं होतं.

पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती. ड्रायव्हरने एकदा श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"आमेन," तो म्हणाला.

मास्तरांनी डोळे उघडले तर समोर वहिनी त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांचे डोळे कधीपासून उघडे होते, कोण जाणे.

मॅडम पर्स उचलून उभ्या राहिल्या. चहाला नको म्हणाल्या. दारात थांबून, कुणाकडेही न बघता, "उद्या सकाळी गाडी काढू नका. आधी माझ्याकडे या," एवढं बोलून पायऱ्या उतरल्या.

ड्रायव्हर चपला घालताना मास्तर त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. ततपप करत काही म्हणणार, तोच तो वळला.

"देवाला मी केव्हाच सांगितलं होतं, मास्तर. तुला सांगितलं होतं ते वेगळं."

दुसऱ्या दिवशी त्याला गाडीवरून उतरवलं. डॉक्टरचा निर्णय येईपर्यंत डेपोत बसून राहायचं. त्याची कापलेली पँट दुकानात खुंटीवर तशीच लटकत राहिली. दुपारी दारात सावली पडली की मास्तर मान वर करायचे. कुणीतरी ब्लाउज घेऊन आलेलं असायचं.

रविवारी उपासनेत नवराबायकोच्या जागा रिकाम्या. आणि नेमकं त्याच दिवशी लोक मास्तरांचा हात हातात घेऊन दाबायला लागले.

"देवानंच वदवलं हो तुमच्या तोंडून. भर रस्त्यात काही झालं असतं म्हणजे?"

नर्सबाई तर म्हणाल्या, "तुम्ही देवाच्या हातातलं नुसतं पात्र होतात, मास्तर."

मास्तरांना हे गोड लागलं नाही असं म्हणता येणार नाही. चार दिवस तोंड लपवत फिरणाऱ्या माणसाला कुणी पाटावर बसवलं, तर तो आधी बसतो, मग विचार करतो. घरी जाताना त्यांनी बायकोपुढे हळूच विषय काढला. खरंच देवाने वदवलं असेल का?

"देवाला वदवायचंच असतं, तर त्याने ड्रायव्हरभाऊजींचं तोंड उघडलं असतं," ती म्हणाली. "एक खुर्ची तर पुढे जायचं होतं."

पुढे कोपऱ्यावर मॅडम रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. मास्तर थांबले.

"त्यांच्या घरात मला शिव्या मिळत असतील," मॅडम म्हणाल्या.

"मलाही."

"तुम्ही निदान प्रार्थना करत होतात. मी डोळे मिटून ड्यूट्या बदलत होते." त्यांनी रिक्षाला हात केला. "पण न ऐकल्यासारखं मला करता आलं नसतं, मास्तर. त्या गाडीत शाळेची मुलं असतात."

पुढची घरसभा ड्रायव्हरकडे ठरलेली होती. होणार की नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. पाळकांनी फोन केला तर वहिनींनी "ठरलंय तिथेच आहे" म्हणून ठेवून दिला. मास्तर सगळ्यांच्या आधी, एकटेच गेले. दुकान उघडं टाकून निघाले होते, अर्ध्या वाटेवरून कुलूप लावायला परत फिरले.

दार वहिनींनी उघडलं.

"या भाऊजी. आत बसलेत."

"वहिनी, माझं चुकलं."

"तुमचं काय ते तुम्ही दोघं बघा. माझं भांडण वेगळं आहे. इतक्या वर्षांचा संसार, आणि दुखणं सांगितलं कुणाला, तर माप घेणाऱ्याला." हे त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की आतल्याला ऐकू जावं.

ड्रायव्हर खाटेच्या कडेवर बसला होता. दाढी वाढलेली. त्याने बसायला सांगितलं नाही. मास्तर उभेच राहिले.

"सगळे फोन करतात," तो म्हणाला. "म्हणतात, देवाने मास्तरच्या तोंडून काढलं. तुझं काय म्हणणं?"

मास्तरांनी होय म्हटलं असतं तर सगळी मंडळी पाठीशी होती, पाळकांनीसुद्धा फारशी खळखळ केली नसती.

"देवाने नाही," ते म्हणाले. "मी. छान चाललं होतं बोलणं. मला थांबावंसं वाटलं नाही."

ड्रायव्हरने दाढी खाजवली.

"देवावर ढकललं असतंस ना, तर आत्ता दार दाखवलं असतं." त्याने खाटेवरची चादर थोडी सारली. "बस. माफ बिफ केलेलं नाही अजून. पाय दुखतील म्हणून म्हणतोय."

बाहेर चपलांचे आवाज झाले. नर्सबाई आल्या, पाळक आले, मास्तरांची बायको आली. मॅडम उंबऱ्यापाशीच घुटमळल्या.

"या मॅडम," ड्रायव्हर आतून म्हणाला. "तुम्ही बाहेर उभ्या राहिलात तर शेजारी म्हणतील, डेपोची धाड पडली."

कुणी हसलं नाही, पण मॅडम आत आल्या. पाळक पुस्तक उघडणार, तोच ड्रायव्हरने त्यांना हाताने थांबवलं.

"आधी मी बोलतो. सगळ्यांनी डोळे उघडे ठेवा. उद्या हृदयाची तपासणी आहे. त्यात बरं निघालं तर गाडी मिळेल, नाही तर नाही. मला भीती वाटते. मरायची कमी आणि घरी बसायची जास्त." मग तो बायकोकडे वळला. "हे तुला आधी सांगायला हवं होतं."

वहिनींनी पदराने नाक पुसलं. "मी येणार उद्या."

"ये. मास्तर, तूही चल. तिला एकटीला बाकड्यावर बसायला नको."

हॉस्पिटलच्या त्या बाकड्यावर वहिनी आणि मास्तर दोन टोकांना बसले. मध्ये वहिनींची पिशवी होती. ड्रायव्हरला आत नेऊन बराच वेळ झाला होता. दार एकदा उघडलं, दोघंही अर्धवट उठले. झाडूवाली बाहेर आली. पुन्हा बसले.

मास्तरांचा फोन वाजला. नर्सबाई.

"मास्तर, काय म्हणाले डॉक्टर? आम्ही इकडे प्रार्थनेला बसलोय. नेमकं कशासाठी मागायचं ते सांगा."

दाराच्या काचेतून मास्तरांना मघाशी बरंच काही दिसलं होतं. ड्रायव्हरच्या छातीला वायरी लावत होते, एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला बोलावून आणत होता, आणि दोघे मिळून पडद्याकडे बघत होते. वहिनींनी मान वळवली आणि त्या फोनकडे बघत राहिल्या.

"त्याच्यासाठी मागा," मास्तर म्हणाले.

"अहो, पण झालंय काय नेमकं?"

"तो बाहेर आला की त्याला विचारा, बाई. वाटलं तर तो सांगेल."

त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला. थोड्या वेळाने वहिनींनी मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मास्तर थोडे अलीकडे सरकले, आणि दोघं त्या बंद दाराकडे बघत बसले.