आमच्या वस्तीचा ठिपका

पाहुण्यांनी आमच्या वस्तीवर बोट ठेवलं आणि कॉलेजच्या सभागृहात मेंढरू ओरडलं.

बॅऽऽ.

 मग हशा. पाहुण्यांना गंमत वाटली. त्यांनी परत बोट ठेवलं. बॅऽऽ. परत ठेवलं. बॅऽऽ. पहिल्या रांगेतले संस्थेचे लोक पोट धरून हसायला लागले. मागं पोरांनी शिट्ट्या मारल्या.

बोटानं चालणाऱ्या मोठ्या पडद्यावर भूम-परांड्याकडचा नकाशा होता. आमच्या वर्गानं केलेला. नकाशावर गावागावाचे ठिपके. ठिपका दाबला की त्या गावचा आवाज ऐकू यायचा. सोनारीचा दाबला की देवळातली घंटा, आणि पायरीवरचा फुलवाला काळभैरवाची गोष्ट सांगायचा. ईट गावचा दाबला की एक मोठे शेतकरी आपल्या ज्वारीबद्दल बोलायचे. भूमचा दाबला की आठवडी बाजाराचा गलका आणि त्यात एक भाजीवाली. प्रत्येक ठिपक्यात माणूस होता. आमच्या ठिपक्यात जनावर.

सरांनी मला स्टेजवर बोलावलं.

"ही आमची विद्यार्थिनी. त्याच वस्तीवरची. हे सगळं वेबपेज तिनंच बांधलंय."

पाहुणे हसत म्हणाले, "अरे वा! मग तुम्हालाही येत असेल की हा आवाज!"

सभागृह परत हसलं.

आणि मी पण हसले.

हे सांगताना आजही जीभ जड होते. पण सांगायचंच तर हे आधी सांगायला पाहिजे. मी हसले. दात दाखवून, हात जोडून. मोठी माणसं हसली की आपण हसायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी येत होतं.

शेवटच्या रांगेत माझी आत्ती बसली होती.

आत्ती म्हणजे वडलांची बहीण, हौसाबाई. आम्ही धनगर. दिवाळी सरली की घरातली अर्धी माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडतात, पावसाच्या तोंडावर परत येतात. आत्तीचं सगळं आयुष्य असं चालण्यात गेलं. तिला अक्षर येत नाही. पण माझा हात धरून शाळेत नाव घालायला तीच गेली होती. वडील म्हणत होते, पोरगी मेंढरामागं चालंल. आत्ती म्हणाली, "एकीला तरी बसून खाऊ द्या."

भूमच्या कॉलेजात मी पत्रकारितेच्या वर्गाला होते. कॉलेजचं स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र होतं. आसपासच्या गावांत ऐकू जायचं. विभागप्रमुख सर मूळचे रेडिओचे. खर्जातला आवाज, एकेक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. ते निवेदन शिकवायचे, बातमीपत्र शिकवायचे, मुलाखत शिकवायचे. चांगलं शिकवायचे, खोटं कशाला बोलू. त्या वर्षी नवा विषय आला. जे रेडिओवर जातं ते इंटरनेटवर न्यायचं, आणि नुसतं ऐकवायचं नाही. ऐकणाऱ्याला दाबता आलं पाहिजे, निवडता आलं पाहिजे, उलट बोलता आलं पाहिजे. इंटरॅक्टिव्ह. सरांना तो शब्द लई आवडायचा. उलट बोलणं आवडायचं नाही.

रेडिओच्या माईकपुढं मला त्यांनी एकदाही बसवलं नाही. माझ्या तोंडून 'न्हाय' निघालं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "तू कॉम्प्युटर बघ," म्हणाले. बघितला. वर्गात कुणालाच वेबपेज बांधता येत नव्हतं. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शिकले. नकाशा, ठिपके, बटणं, सगळं माझ्या हातचं.

प्रत्येकानं आपल्या गावचा आवाज आणायचा होता. मी आत्तीचा आणला.

मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ ती बसली होती. मी रेकॉर्डर पुढं धरला. तिनं विचारलं, "ह्यात बोललेलं कुठं जातंय?"

"सगळीकडं."

"मंग नीट बोलते." तिनं पदर सारखा केला.

आणि बोलली. अकरा मिनिटं. "शेतवाले आमाला सांगावा धाडत्यात. मेंढरं आमच्या रानात बसवा म्हणत्यात. का? तर लेंडीचं खत पायजे. बसवतो आमी. सकाळी त्यांच्याच हिरीवर घागर घिऊन ग्येलं की मालक म्हंतो, हिकडं न्हाय यायचं. मेंढराची लेंडी पायजे, आमचं पाऊल नगं." मग तिनं एक दुपार सांगितली. ती पोटुशी होती. विहिरीवरनं परत फिरवली. पुढचं पाणी किती लांब होतं ते सांगितलं. तिथवर पोचताना काय झालं ते सांगितलं. ते पोर राहिलं नाही. नाव कुणाचं घेतलं नाही. रडली पण नाही. मी तिच्या मांडीवर वाढलेली, पण हे मला माहीत नव्हतं. मला न सांगितलेलं तिनं त्या यंत्राला सांगितलं.

सरांनी दोन मिनिटं ऐकून हेडफोन काढला.

"भाषा ओबडधोबड आहे. शिवाय वाद होतील. संस्थेतल्या लोकांच्या जमिनी आहेत त्या बाजूला."

"तिनं नाव नाही घेतलं, सर."

"घ्यायला लागतंय का?" मग जरा मऊ आवाजात, "ठेव. मी छोटं करून घेतो."

मी विश्वासानं फाईल दिली. आत्तीला सांगितलं, अमक्या दिवशी ये, तुझा आवाज वाजणार आहे. ती सकाळच्या एसटीनं आली. नवं लुगडं नेसून. वस्तीवर बायकांना सांगून आली होती. सरांनी त्याच सकाळी कुणाकडून तरी फाईल बदलून घेतली. मी तेव्हा सभागृहात खुर्च्या लावत होते.

कार्यक्रम झाल्यावर मी आणि आत्ती एसटी स्टँडवर बसलो. तिनं नव्या लुगड्याचा पदर झटकला. मग म्हणाली,

"आगं, ती मेंढी न्हवती."

"काय?"

"शेळी हुती ती. मेंढरू आसं वरडत न्हाय." तिनं पिशवी मांडीवर घेतली. "येवढी शिकलेली माणसं. येकालाबी कळलं न्हाय."

आमची टर उडवायला त्यांनी इंटरनेटवरनं शेळी आणली होती. मेंढीचा आवाज शोधायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते. आणि ते मला पण कळलं नव्हतं. मेंढरांत जन्मलेल्या मला.

"म्या बोलले त्ये कुठं ग्येलं?" आत्तीनं विचारलं.

मी समोरच्या गाडीची पाटी वाचत राहिले.

"अन् तू का हासलीस?"

गाडी लागली. ती चढली. खिडकीतनं माझ्याकडं बघितलं नाही.

त्या रात्रीचं काही सांगत नाही. दुसऱ्या दिवसाचं सांगते.

पासवर्ड माझ्याकडं होता. खोलीवर बसून गुपचूप आवाज बदलता आला असता. कुणाला दोन दिवस कळलंही नसतं. कॉलेजपर्यंत चालत जाताना मी तेच घोकत होते. मग वाटलं, न्हाय. जे सगळ्यांसमोर झालं, ते निदान त्यांच्या तोंडासमोर पुसायचं. मी लॅपटॉप घेऊन सरळ स्टुडिओत गेले. सर बातमीपत्र तपासत होते.

"सर, आमच्या ठिपक्यातला आवाज बदलायचाय."

"कार्यक्रम झाला. लोकांना आवडलं. आता कशाला?"

"तिथं माणसं राहतात, सर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघ. रेडिओ म्हणजे शिस्त. काय ऐकवायचं ते केंद्र ठरवतं. लोकांनी ऐकायचं असतं. जो तो आपला आवाज घालायला लागला तर केंद्र चालवायचं कुणी?"

"मग विषयाचं नाव बदला."

 सरांचा आवाज आणखी खाली गेला. ते चिडले की असाच खाली जायचा.

"अंतर्गत गुण कुणाच्या हातात आहेत, माहीत आहे ना?"

"व्हय. तुमच्याच हातात हायेत. ठिवा. पर माज्या आत्तीचा आवाज तुमच्या हातात न्हाय."

त्या स्टुडिओत मी पहिल्यांदा माझ्या घरच्या बोलीत बोलले. ठरवून नाही. तोंडातनं तेच आलं.

मी लॅपटॉप उघडला. त्यांच्यासमोर टेबलावर. शेळी काढली. अकराच्या अकरा मिनिटं घातली. ठिपक्याखाली 'मेंढपाळ वस्ती' असं लिहिलेलं होतं. ते खोडलं. 'हौसाबाई बोलतात' असं लिहिलं. आणि खाली एक बटण जोडलं. उत्तर द्या. दाबलं की ऐकणाऱ्याला आपल्या आवाजात बोलता येईल. सर बघत होते. हात धरून कुणी थांबवलं नाही. त्यांना बहुतेक खरं वाटत नव्हतं.

लिंक मी गावोगावच्या पोरापोरींना पाठवली. पान तासभर चाललं. मग सरांनी कुणाला तरी फोन करून बंद करवलं. माझा पासवर्ड गेला.

त्या तासाभरात चार उत्तरं आली. ती मी मोबाइलवर उतरवून घेतली होती. एकानं शिवी दिली. एक नुसता हसला. परांड्याकडची एक बाई होती, मागं भांड्यांचा आवाज. म्हणाली, "बाई, आमच्याकडंबी असंच हाय. तुमी बोलला, बरं केलं." चौथा एक म्हातारा माणूस. बराच वेळ नुसता श्वास. मग म्हणाला, "ती हीर आमची आसंल." आणि बंद.

धमकी होती का कबुली, मला आजही कळलेलं नाही. पण आत्तीनं नाव घेतलं नव्हतं आणि त्याला कळलं होतं. त्या केंद्रावरनं रोज सकाळ-संध्याकाळ बातम्या जायच्या. कुणी उलट बोललेलं मी ऐकलं नव्हतं. विषय काय आहे ते मला त्या दिवशी समजलं. बटण म्हणजे गंमत नाही. ज्याला आजवर नुसतं ऐकवलं, त्याच्या हातात ते द्यायचं. म्हणून तर ते एवढे घाबरले.

मी चारी उत्तरं आत्तीला ऐकवली. शेवटचं तिनं दोनदा ऐकलं. मग म्हणाली, "बंद कर." उठून मेंढरांकडं गेली.

त्यानंतर ती कधीच माईकपुढं बोलली नाही. मी तीनदा विचारलं. तीनदा तिनं मान हलवली. मी का हसले हेही तिनं परत विचारलं नाही आणि मलाही कधी सांगता आलं नाही. हे असंच आहे. सगळं भरून निघतं असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

त्या विषयात मला पास होण्यापुरते गुण मिळाले.

आज मी आमच्याच धाराशिव जिल्ह्यात दुसऱ्या एका कॉलेजात तोच विषय शिकवते. तासिका तत्त्वावर. एक रेडिओची खोली आहे, सहा कॉम्प्युटर आहेत, त्यांतले दोन चालू होत नाहीत. मी दोन्ही शिकवते. रेडिओ वाईट नाही. ज्या बाईकडं स्मार्टफोन नाही, तिच्यापर्यंत रेडिओच जातो. माईक तोंडापासून किती लांब धरायचा, समोरचा अडखळला की गप्प कसं बसायचं, हे मी सरांकडनंच शिकले आणि तसंच शिकवते. पण पोरं आपल्या बोलीत बातमी वाचतात. आणि रेडिओवर गेलेलं प्रत्येक बोलणं पानावर जातं, खाली बटणासकट.

एक नियम आहे. ज्याचा आवाज, त्यालाच तो कापायचा अधिकार. रेकॉर्डिंग परत घेऊन जायचं, त्या माणसाला ऐकवायचं, विचारायचं. पोरं कुरकुरतात. "मॅडम, लई टाइम जातोय." जाऊ द्या म्हणते.

या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीनं तिच्या गावातल्या एका आईचा आवाज आणला. शाळेत खिचडीच्या वेळी त्या बाईच्या पोराला रांगेच्या शेवटी, सगळ्यांपासून हातभर लांब बसवतात. बाई शांतपणे सांगते. पोरीनं नियमाप्रमाणं परत जाऊन तिला ऐकवलं. बाई म्हणाली, एक शब्द कमी करू नको. पानावर गेलं.

चौथ्या दिवशी संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी मला ऑफिसात बोलावलं. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा म्हणाले नाहीत.

"मॅडम, ते काढून टाका. आमचं गाव आहे ते."

"त्या बाई पण तुमच्याच गावच्या आहेत."

"तुमची नेमणूक दर वर्षी नव्यानं होते. लक्षात आहे ना?"

"आहे."

"मग?"

मी खुर्ची ओढली. बसले. मोबाइल टेबलावर ठेवला.

"तुमचं म्हणणं बोला, साहेब. त्या बाईंच्या आवाजाखाली तुमचा आवाज घालते. एक शब्द कापणार नाही. तुम्ही परवानगी दिल्याशिवाय काढणारही नाही."

त्यांनी मोबाइलकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मोबाइल परत माझ्याकडं सरकवला. 

"बघू," म्हणाले. मी उठले.

त्याच दुपारी मी प्राचार्यांच्या नावानं पत्र लिहिलं. दोन ओळींचं. संबंधित आवाज विद्यार्थिनीनं बोलणाऱ्या बाईंच्या संमतीनं घेतला आहे. तो मी काढणार नाही आणि विद्यार्थिनीला काढायला सांगणार नाही. सही केली. आवक-जावक खिडकीवर दिलं. क्लार्क म्हणाला, "मॅडम, हे राहू द्या ना." मी म्हटलं, "शिक्का मारा." त्यानं मारला. मी पोच घेतली.

जूनमध्ये नेमणुकांची यादी लागेल. त्यात माझं नाव नसलं तर दुसऱ्या तालुक्यात अर्ज करीन. तिथं नाही मिळालं तर एखाद्या गावात खोली घेऊन शिकवीन. जिथं शिकवीन तिथं पोरं माणसांचे आवाज आणतील. ते काढा म्हणणारे तिथंही येतील, हे मला माहीत आहे.

येऊ द्या. मी काढणार नाही.