डिस्क भरली, आकडा थांबला

स्क्रीनवर अठ्ठ्याहत्तर डिग्री दिसत होतं आणि खाली गेटवर धर्मा ठाकूरला जीपमध्ये घालत होते.

नव्वदच्या दशकात मी रोह्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ईडीपीला होते. ईडीपी म्हणजे कॉम्प्युटर डिपार्टमेंट. रिअ‍ॅक्टर म्हणजे रसायनं शिजवायचं मोठं बंद भांडं. त्याचं तापमान सेन्सरमधून आमच्या सर्व्हरवर यायचं आणि तिथून कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर. ठाकूर तिथला ऑपरेटर. त्या सकाळी आकडा स्थिर होता, म्हणून त्याने थंड पाणी वाढवलं नाही. रिअ‍ॅक्टरचा आवाज बदलला तसा तो वर धावला आणि पाण्याचा व्हॉल्व्ह हाताने उघडला. तेवढ्यात पाइपाचा जोड सुटला आणि उकळतं द्रावण त्याच्या उजव्या हातावर आलं. पाणी सुरू झालं होतं, म्हणून बाकीचे वाचले.

मी सर्व्हरसमोर जाऊन बसले. तिथे एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती : डिस्क फुल.

प्रोग्रॅम बाहेरून घेतलेला. तो आलेला आकडा आधी डिस्कवर लिहायचा, मग स्क्रीनवर पाठवायचा. डिस्कवर जागा उरली नाही, लिहिणं होईना, आणि तो जागेची वाट बघत थांबून राहिला. स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच.

त्याच आठवड्यात ठाकूरला नोटीस निघाली. कामात निष्काळजीपणा.

मी राहायला पेणला. तो पेणच्याच हॉस्पिटलात होता, म्हणून भेटायला गेले. हात कोपरापर्यंत बांधलेला.

"मॅडम, माझंच चुकलं," तो म्हणाला. "आकडा एवढा टाइम हलला नाय. मला कलायला पायजे व्हतं."

"तुमचं काही चुकलेलं नाही, ठाकूर. मशीन अडकलं होतं."

"मंग तेवढं साहेबांना सांगा."

सांगितलं. आमचे वर्क्स मॅनेजर देवधरसाहेब म्हणाले, "मोठी डिस्क बसवा आणि विषय संपवा. मशीन अडकलं तर स्क्रीन काळी नको व्हायला?"

"नाही होत, सर. प्लांट बंदच आहे, जरा कंट्रोल रूममध्ये या."

मी एक सेन्सर काढून थंड पाण्याच्या बादलीत सोडला. स्क्रीनवर तीस डिग्री आलं. मग फालतू फाइली टाकून डिस्क मुद्दाम भरली आणि बादलीत उकळतं पाणी ओतलं. वाफेने साहेबांचा चष्मा धुरकट झाला. त्यांनी तो पुसला, परत स्क्रीन बघितली. तीस.

मग वाकून त्यांनी बादलीवर हात धरून बघितला.

"नोटीस मी मागे घेतो," ते म्हणाले. "हे दुरुस्त कसं करणार?"

प्रोग्रॅम देणाऱ्यांकडून सोर्स कोड मागवून घेतला. दाखवणारा भाग आणि लिहिणारा भाग वेगळे केले. लिहिणारा अडला तरी दाखवणाऱ्याने थांबायचं नाही. डिस्कवर एक मोठी, बिनकामाची फाइल आधीच ठेवून दिली. जागा संपली की प्रोग्रॅमने ती स्वतः पुसायची, मिळालेल्या जागेत काम चालू ठेवायचं आणि भोंगा वाजवून आम्हाला बोलवायचं. तीही जागा संपली तर लिहिणं सोडून द्यायचं. नवा आकडा आलाच नाही तर जुना दाखवायचा नाही, त्या जागी लाल रेघा.

"रेकॉर्डमध्ये खाडा पडेल," क्वालिटीवाले म्हणाले.

"पडू दे," देवधरसाहेब म्हणाले.

मोठी डिस्कही बसवली, आणि पुढच्या पावसाळ्यात तीही भरली. भर दुपारी भोंगा वाजला. आम्ही धावलो, जुन्या फाइली टेपवर काढून जागा केली. तोवर स्क्रीनवरचे आकडे हलत होते. बॅच नीट निघाली. कोणी काही विचारलंसुद्धा नाही.

ठाकूरची बोटं पुरती मिटेनात. त्याला कंपनीने स्टोअरमध्ये घेतलं. तिथे तो डाव्या हाताने सही करायला शिकला.

डिस्क भरणं मला नोकरीत कधीच थांबवता आलं नाही. भरल्यावर काय व्हायचं, ते मात्र आधी ठरवता येतं. आमच्याकडे ते एक माणूस भाजल्यावर ठरलं.