चीक हाटताना

नवं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं त्याचे पेढे आम्हीही खाल्ले, पण ते काही पचले नाहीत. भोपाळहून साहेब येत होते, त्यांना घरं हवी होती, आणि शंकर नगरातली आमच्यासारख्यांची सरकारी क्वार्टरं एकेक करून रिकामी होत होती. आमच्या यांना इथेच ठेवणार की भोपाळला पाठवणार, तेही कोणी सांगेना. अर्धा संसार खोक्यांत होता. भीती वाटते तेव्हा मला राग येतो, त्यामुळे घरात दिवसभर भांडी आपटत.

मकानांचं काम पाहणारे बाबू दोनदा येऊन "घर सोडा" सांगून गेले. दोन्ही वेळा मी दाराआड उभी राहिले आणि शेजारच्या दीदी माझ्या वतीने बोलल्या. मग दीदींचंच बिऱ्हाड हललं.

ऊन तापायला लागलं तसे मी कुरडयांसाठी गहू भिजत घातले. हे वैतागले. "काहून करून राहिली हे? उद्या निघा म्हटलं त ओले गहू डोक्यावर घेशील काय?"

"घेईन," मी म्हटलं.

भिजल्या गव्हाचा चीक चुलीवर हाटताना ढवळता हात थांबला की गाठी पडतात. माझ्या दर वर्षी पडत. कोणी हाक मारली की मी पातेलं सोडून धावायची. "गोट्या खेळाले झाल्या," असं सासूबाई म्हणत.

त्या दिवशी अंगणातल्या चुलीवर आधणात चीक ओतला आणि फाटक वाजलं. बाबू थेट चुलीपाशी आले.

"भाभीजी, इसी हफ्ते मकान खाली कर दीजिए."

हे ऑफिसात, दीदी नाहीत. दाराआड जावं तर हात थांबवायची सोय नव्हती.

"भैया, जरा दूर खडे रहो, चटका लगेगा. ऑर्डर लाए क्या?"

"आ जाएगा ऑर्डर."

"तो आएगा तब आना. बच्चों की परीक्षा है. बिना ऑर्डर मैं घर नहीं छोडूंगी."

चीक फटकन उडाला. बाबू मागे सरले. "बाद में मत कहिएगा," म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडलेच असते. बऱ्याच वेळाने फाटक पुन्हा वाजलं.

ते घर पुढे सुटलंच, पण रीतसर ऑर्डर आल्यावर, मुलांची परीक्षा झाल्यावर. गुढियारीतलं भाड्याचं घर मीच बोलून ठरवलं.

पण त्या संध्याकाळी यांना वाटीत चीक दिला, वर तेल घातलं, आणि बाबू आले होते म्हणून सांगितलं. यांचा घास हातातच राहिला.

"मंग कोण बोललं त्याच्याशी?"

"मी."

हे वाटीतला चीक तळापर्यंत चाचपत सावकाश खात राहिले. मग म्हणाले, "यंदा गाठी नाही पडल्या."

तोवर मी तो चाखलासुद्धा नव्हता.