कुंकवाची जागा

चालत्या यंत्रावर तळहात ठेवला की आधी जाणवते ती ऊब, आणि मग त्या उबेच्या आतून, फार खोलवरून निघाल्यासारखी, एक बारीक, अखंड थरथर. मनगटापाशी ती क्षणभर रेंगाळते आणि कोपरापर्यंत चढत जाते. तेल, तापलेला रंग आणि ओले सिमेंट यांचा मिळून एक वास तिथे दरवळत असतो, तो मला मोगऱ्याइतकाच प्रिय आहे. यावरून आमच्या घरात किती वर्षे माझी थट्टा चालली आहे, ते विचारूच नका!

माझे काम यंत्रांचा कंप मोजण्याचे. सकाळी मंचरहून निघायचे, गाडीत एक पेटी, पेटीत अंगठ्याएवढा चुंबकाच्या बुडाचा सेन्सर आणि त्याचे आकडे दाखवणारे उपकरण. शीतगृहे, दूध केंद्रे, नदीकाठची पंपघरे, जिथे जिथे काही गरागरा फिरते तिथे जाऊन त्याची प्रकृती पाहायची आणि वहीत लिहून सही करायची. सासूबाई शेजारपाजारी सांगतात, “आमची सून मशिनींची डाक्टरीन हाय.” त्यांनी हे अभिमानाने म्हटले की टोमणा मारला, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

पण खरोखरच, या जगात निखळ स्थिर असे आहे तरी काय? झाडाचे पान कापते, दिव्याची ज्योत कापते, म्हाताऱ्या माणसाची हनुवटी कापते. निरोगी यंत्रही कापतेच. आजारी यंत्र निराळे कापते, आणि माझी सारी विद्या त्या ‘निराळे’ या एका शब्दात सामावलेली आहे. फिरत्या दांड्याला टोकाशी तोलून धरणारे पोलादी गोळ्यांचे कडे, म्हणजे बेअरिंग, त्याच्या वाटेत केसाएवढा चरा पडला तरी प्रत्येक फेऱ्याला तिथे एक सूक्ष्म ठेच लागते. मिनिटाला शेकडो ठेचा! त्या कानाला ऐकू येण्याच्या कितीतरी आधी उपकरणाला कळतात, असे मी मोठ्या तोऱ्यात लोकांना सांगत असे. आता जरा जपून सांगते.

गेल्या माघातली गोष्ट. ओझरच्या पुढे, कुकडीच्या काठी एक पंपघर आहे. त्यातल्या एका मोठ्या पंपावर वरच्या अंगाचे सारे शिवार भिजते. दुपारपासून पाण्याची पाळी सुरू व्हायची होती, आठ दिवस, दिवसरात्र, पंप मध्ये न थांबवता. सकाळी तो चाचणीपुरता चालू केला होता, आणि पाणीयोजनेचे चेअरमन अण्णा दारात उभे राहून माझ्या होकाराची वाट पाहत होते. कांदा पोसायला लागला होता, लोक फावडी घेऊन बांधावर थांबले होते, अण्णांचा फोन दर दोन मिनिटांनी वाजत होता. मोजणीची जागा दाखवणाऱ्या नेहमीच्या लाल खुणेवर मी सेन्सर लावला. आकडा अगदी निर्मळ आला, मागच्या तिन्ही महिन्यांसारखाच. ‘स्थिती उत्तम’ एवढे दोन शब्द लिहून निघायचे होते.

तेवढ्यात दगडूभाऊ बोलले. दगडूभाऊ हे त्या पंपाचे ऑपरेटर, वीस वर्षे त्याच खोलीत काढलेले, मोजके बोलणारे आणि बोललेच तर माणसाकडे न बघता पंपाकडे बघून बोलणारे. त्यांची लोखंडी खुर्ची पंपापासून हातभर अंतरावर असते, कारण नोंदवही अडकवायचा खिळा तिथेच भिंतीत आहे.

“ताई, ह्यो दात खातोय.”

“कोण?”

“पंप. दुसरं कोन हाय हितं? झोपंत पोरगं खातं ना कराकरा, तसा.”

अण्णा हसले. “दगडू, ताईंच्या मशिनीला समजंना आन् तुला समजलं व्हय? तुझ्या कानात आधी तेल घाल.”

मी हसले नाही, पण मला राग आला, खरे तेच सांगते. एवढी वर्षे शिकून, एवढी यंत्रे पालथी घालून आल्यावर कुणी ‘दात खातोय’ म्हणावे आणि मी थांबावे? “आकड्यात तसं काही नाही, भाऊ,” मी म्हटले. आवाजात जरा धार आली असावी. दगडूभाऊंनी खिशातून लांब पेचकस काढला, खाली वाकून त्याचे टोक बेअरिंगच्या कुशीला टेकवले, मूठ कानाशी धरली, आणि मग ती मूठ माझ्यापुढे केली. “हितं आयका.”

मी वाकले. कानाचे हाड मुठीला लागले आणि माझे अंग शहारले. कराकरा! दुसरा शब्दच नव्हता. नदीच्या तळाशी कुणी दगडावर दगड घासावा तसा तो आवाज होता. मी सरळ उभी राहिले, समोरच्या लाल खुणेकडे पाहिले, मग खाली टेकवलेल्या पेचकसाकडे पाहिले. माझी खूण बेअरिंगच्या कुशीत होती, खाली, कडेला. तिथेच दांड्याचा भार येतो, तिथेच त्याचे दुखणे कळते. ही खूण पुढच्या झाकणावर कशी?

“भाऊ, ही लाल खूण इथे कुणी केली?”

“म्याच केली. खंडेनवमीला पंप धुतला, हिरवा रंग मारला, पूजा केली. तुमचं कुकू खाली व्हतं, त्या तेलाच्या वघळात. कुकू आसं पायाशी आसतंय व्हय? म्हून म्होरं लावलं, कपाळाला.”

कुंकू! मी आपली मोजणीची जागा म्हणून ऑइलपेंटचा ठिपका दिला होता, आणि या माणसाने वर्षभर तो मी यंत्राला लावलेला मान समजून सांभाळला होता. झाकणाखाली रबराची पट्टी असते. आतल्या ठेचा तिच्यात मुरून जातात. दसऱ्यानंतर आकडे एकदम खाली आले तेव्हा मी काय केले? ग्रीस बदलल्याचा गुण आला, असे वहीत लिहून स्वतःची पाठ थोपटली. आकडा वाढला की आपण त्याची दहा वेळा उलटतपासणी घेतो. कमी झाला की त्याला साधे कारणही विचारत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि मी तर तीन महिने चुकीच्या हाताचे कांकण आरशात बघत होते.

मी सेन्सर उचलून खाली, कुशीत लावला. आकडा उसळला, पडदा लाल झाला.

“पंप थांबवा.”

“ताई, दुपारी पाळी हाय,” अण्णा म्हणाले. आता ते हसत नव्हते. “लोकं जत्रंवानी गोळा झाल्यात. मागच्या महिन्याला तुमीच सही केली ना चांगला हाय म्हून?”

“केली होती. ती सही चुकली. हे बेअरिंग अडकलं तर दांडा पिळवटेल, पंपाला मोटरशी जोडणारं कपलिंग फुटेल, आणि त्याचे तुकडे या खोलीत उडतील. या खुर्चीत जो असेल त्याच्यावर!”

अण्णा खुर्चीकडे बघत राहिले. मीही बघत होते. पंप कराकरत होता, आणि आता एकदा ऐकलेला तो आवाज पेचकसाशिवायही माझ्या कानातून जाईना. प्रत्येक फेऱ्याला वाटे, हा शेवटचा. अखेर अण्णांनी मान हलवली आणि दगडूभाऊंनी स्वीच पाडला. पंप घरघरत, लंगडत, रेंगाळत थांबला. बाहेर माणसांचा गलका झाला आणि अण्णा त्यांना तोंड द्यायला गेले.

दुपारी आळेफाट्याहून फिटर आला. त्याने झाकण उघडले तेव्हा गोळ्यांना जागेवर धरणारी कडी तुटून तिचे तुकडे ग्रीसमध्ये रुतले होते आणि गोळ्यांची कातडी सोलली होती. “ह्यो दोन दिस नसता निघाला,” एवढेच तो म्हणाला आणि कामाला लागला. पाळी दोन दिवस लांबली. अण्णा आधी पुष्कळ करवादले, मग स्वतःच सगळ्यांसाठी चहा घेऊन आले.

फिटरचे काम चालू असताना दगडूभाऊ दारात हात पुसत उभे होते. मला राहवेना. मी विचारले, “भाऊ, हा आवाज तुम्हाला कधीपासून येत होता?”

“दिवाळीपासनं.”

“आणि तरी रोज याच खुर्चीत बसत होता? मला एका शब्दाने का नाही बोललात?”

“तुमी लिवून जात व्हता ना, चांगला हाय म्हून. म्हनलं, आपलाच कान म्हातारा झाला आसंल.”

“मग आज कसे बोललात?”

त्यांनी पहिल्यांदा पंप सोडून माझ्याकडे पाहिले. “आजपासनं रातपाळीला दुसरा मानूस बसनार व्हता हितं. माझ्यापुरतं ठीक व्हतं, ताई.”

बेअरिंग बदलता आले, खूण पुन्हा जागेवर देता आली, वहीत चुकीची कबुलीही लिहिता आली. पण एका शहाण्या माणसाला तीन महिने त्याच्याच कानाविषयी मी संशयात ठेवले, आणि तो माझ्या अक्षराचा मान राखून मरणाच्या हातभर अंतरावर निमूट बसून राहिला. मी त्यांची क्षमा मागितली तेव्हा ते इतके संकोचले, की चहाचे रिकामे पेले गोळा करण्याचे निमित्त काढून बाहेर निघून गेले.