भट्टीवरची सेवा सलग धरायला लावणाऱ्या सुमनताई

वकील सुमनताईंची आणि माझी पहिली भेट शहापूरच्या त्यांच्या कचेरीत झाली. माझी मुलगी वैशाली तापाने गेल्याला तेव्हा थोडेच महिने झाले होते. तिने सरकारी योजनेतून कर्ज काढून नर्सिंग केले होते. दुर्गम पाड्यांवर पाच वर्षे सलग सेवा केली की ते कर्ज माफ व्हायचे. तिने पाच वर्षे पुरी केली होती. तरी ती गेल्यावर घरी नोटीस आली. सेवेत खंड पडला आहे, कर्ज भरा.

मी ताईंना म्हणालो, "पैसे मी भरतो, जामीनदार मीच आहे. तेवढा तो खंड पडल्याचा शेरा खोडून मिळेल का?"

ताईंनी नोटीस शांतपणे वाचली. "खोडायचा तर नियमच बदलावा लागेल, भाऊ."

मी कसाऱ्याला रेल्वेत नोकरी केलेला माणूस. साहेब असे बोलले की नकार समजायचा, ही सवय. नमस्कार करून निघालो. त्या योजनेचा कायदा करण्यासाठी विधेयक तयार होत होते आणि मसुदा तपासणाऱ्यांत ताई होत्या, हे मला ठाऊक नव्हते. काही दिवसांनी त्यांचाच फोन आला. "धसईच्या बाजाराला याल का माझ्याबरोबर?"

मसुदा ज्यांच्यासाठी आहे त्यांना वाचून दाखवल्याशिवाय ताई तो पुढे पाठवत नाहीत, ही त्यांची जुनी पद्धत. भाजीवाल्या बायकांच्या रांगेत गोणपाटावर बसून त्यांनी एकेक कलम सोप्या बोलीत सांगितले. मी छत्री धरून मागे उभा होतो. नर्सने बारा महिने पाड्यावरच हजर असावे, हे कलम आले तेव्हा डोळखांबकडची एक बाई काकड्या रचता रचता हसली.

"दिवाळीनंतर पाड्यावर कोन ऱ्हातंय गो ताई? आमी समदी वीटभट्टीवर. मंग नर्सबाय काय भिंतीला सुया मारल?"

सगळ्या हसल्या. ताईही हसल्या. "मग भट्टीवर तुमच्याकडे पाहतं कोण?"

"आमची वैशाली यायची ना. आमच्यासंगती झोपडीत ऱ्हायची. माझ्या सुनंचं बाळतपन तिनंच केलं. आता नाय ती."

तो खंड म्हणजे हा होता; लोकांबरोबर भट्टीवर काढलेले महिने पाड्यावरची गैरहजेरी धरले गेले होते. त्या बाईला मी कोण ते माहीत नव्हते. ताईंना माहीत होते, पण त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले नाही. ते उपकार मी विसरणार नाही. त्यांनी कलम खोडले आणि त्या बाईलाच विचारले, "मग कसं लिहू, सांगा."

"ल्ही ना, जिथं मान्सं तिथं नर्सबाय."

पुढे मुंबईत मसुद्यातून ते कलम वारंवार गळत राहिले आणि ताई ते परत घालत राहिल्या. त्यासाठी दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांनी मुंबईच्या किती खेपा केल्या, ते त्यांनी कधी सांगितले नाही. घाटात गाडीला मागून ढकलणारी इंजिने आत बसलेल्यांना दिसत नाहीत. मी ती जन्मभर पाहिली. ताईंकडे पाहिले की मला तेच बळ दिसते.

कायदा मंजूर झाला तेव्हा ताई स्वतः कसाऱ्याला घरी आल्या. चहाआधीच म्हणाल्या, "भाऊ, हा पुढच्या मुलींना लागू आहे. वैशालीला नाही. फोनवर सांगवेना." मग त्यांनी कलम वाचून दाखवले. लोक कामासाठी जिथे जातील तिथे त्यांच्यासोबत केलेली सेवा सलग धरली जाईल. मी पुन्हा वाचायला सांगितले. त्यांनी पुन्हा वाचले.

कर्ज मी फेडले. तिच्या कागदावरचा शेरा तसाच आहे. पण यंदा दिवाळीनंतर पाड्यावरची नवी नर्स लोकांबरोबर टेम्पोत बसून भट्टीवर गेली आणि तिची हजेरी तिथेच लागते.

ताई, आपली पंचाहत्तरी झाली. आपणांस उदंड आयुष्य आणि चालते गुडघे लाभोत. एकदा त्या भट्टीवर जाऊन येऊ. छत्री मी धरीन.