माकणीच्या काठावर बदललेली चिठ्ठी

तीन तंबू, घडीची नऊ स्टुलं, वाऱ्यात न विझणारी चूल आणि चिठ्ठ्या ठेवायला झाकणाचा पत्र्याचा डबा... परवा माकणी धरणाच्या काठावर मुक्कामाला नेलेलं हे सगळं माझ्या हातचं. असलंच सामान करून विकतो. शिवण आणि वेल्डिंग दोन्ही बघून बघून शिकलो. आयटीआयची पायरी चढलेलो नाही.

उमरग्याचा आमचा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा ग्रुप, नऊ जण. निवृत्त शिक्षिका सुमनताईंनी ठरवलं, प्रत्येकानं एक संकल्प लिहायचा, वाचून दाखवायचा, डब्यात टाकायचा. पुढच्या वर्षी इथंच डबा उघडायचा.

कुणी तंबाखू सोडणार होतं, कुणी सख्ख्या भावाशी बोलणार होतं. मी लिहिलं, ‘माझ्या कामात कुणाचं ऐकून बदल करणार नाही.’

“हे तर तुम्ही जन्मापासून करताय की,” शिवलिंग अण्णा म्हणाले. सगळे हसले. मी चिठ्ठीची नीट चौघडी घातली आणि डब्यात टाकली.

सकाळी सुमनताई गोधडी वाळत घालत होत्या. “तंबू गळतोय हो तुमचा.”

शक्यच नाही म्हणालो. डबल कोटिंगचं कापड, प्रत्येक शिवणीवर टेप, अर्धा तास पाइपनं पाणी मारून तपासलेला... आणि पाऊस कुठंय?

“पाऊस न्हाय, पर गोधडी भिजलीय. पिळून दाखवू का?”

आत जाऊन छताला हात लावला. तळवा ओला. आत झोपलेल्या तिघींचा रात्रभरचा श्वास गार कापडाला लागून त्याचे थेंब झाले होते... पाणी आत येऊ नये म्हणून सगळं केलं, हवा बाहेर जायला चार बोटं जागा ठेवली नाही. बाहेरून पाणी मारलं, पण आत एकदाही झोपलो नव्हतो. त्या रात्रीही मी चुलीपाशी उघड्यावरच होतो.

सुमनताईंकडं डबा मागितला. चिठ्ठी बदलायची नसते, म्हणाल्या. डबा मी केलाय, म्हणालो.

“आणि नियम मी केलाय,” त्या म्हणाल्या... पण दिला.

नवीन चिठ्ठी त्यांनी सगळ्यांसमोर वाचायला लावली. ‘छताखाली जाळी बसवीन. स्वतः एक रात्र आत झोपल्याशिवाय एकही तंबू विकणार नाही.’ या वेळी कुणी हसलं नाही.

परतताना जीपमध्ये अण्णांनी विषय काढला. हायवेलगतच्या शेतात त्यांना मुक्कामाची सोय सुरू करायचीय. वीस तंबू, असेच, वीस दिवसांत. “जाळीबिळी नको, लई टाइम जातो. गिऱ्हाईक एक रात्र राहणार, ओल कुणाला कळती?”

सुमनताईंना कळली, म्हणालो.

त्यांनी गोधडी दाखवली नसती तर मी आनंदानं हो म्हटलं असतं, आणि ती चूक वीस वेळा शिवली असती. त्यांचे आभार. यंदा एवढं मोठं काम दुसरं आलेलं नाही, हेही खरं...

वीस तंबू, एकाला सात हजार. नको म्हणालो. एक लाख चाळीस हजार.