जवानाच्या पत्नीस प्राधान्य

आमच्या संस्थेच्या शाळेत दर पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला की जवानांच्या बायकांचा सत्कार असतो. शाल, नारळ आणि केळ्यांची एक फणी. नवरे बर्फात असतात, म्हणून बायकांना उन्हात बसवतात. सहा वर्षांपूर्वी आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, माइकवर गहिवरले आणि म्हणाले, यापुढं आपल्याकडं भरती निघाली तर जवानाच्या पत्नीला प्राधान्य. टाळ्या पडल्या. मी शाळेचा क्लार्क. मला एवढंच कळलं, की हे वाक्य आता टाइप करावं लागणार.

दोन महिन्यांत ऑफिसात सहायकाची एक जागा निघाली. जाहिरातीखाली मी ते वाक्य ठळक अक्षरांत घातलं, आणि कर्नाटकातल्या आमच्या भालकीच्या आसपास केवढं सैन्य आहे ते समजलं. एकीचा नवरा हैदराबादेत मॉलच्या दारावर होता. ‘वर्दी हाय न्हवं अंगावर?’ असं तिचं म्हणणं. एकीच्या नवऱ्यानं कॉलेजात एनसीसी केलं होतं. एक अर्जदार तर पुरुषच होता. त्याचा आजा निजामाच्या फौजेत होता म्हणे.

खरी जवानाची बायको एकच. जवळच्या दुबलगुंडी गावची. बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटर येणारी, मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईनं लिहिणारी. नवरा तोफखान्यात, घरी सासू. जागा तिचीच होती, हे अर्ज हातात घेतला तेव्हाच मला कळलं. तिच्या खालोखाल जो अर्ज होता तो माझ्या बायकोचा.

पुढं जे केलं ते सहा वर्षं मी कुणाजवळ बोललो नाही. मी त्या जवानाच्या बायकोला सांगितलं की पतीच्या युनिटचं सर्टिफिकेट लागतं, तेही तुमच्या हातून चालत नाही, युनिटनं थेट आमच्या ऑफिसला रजिस्टर पोस्टानं पाठवायला पाहिजे. असा नियम कुठंच नव्हता. तो मी टेबलावर बसल्या बसल्या केला. मला वाटलं, फौजही आमच्या ऑफिससारखीच चालत असेल, सहा महिने लागतील. पंधरा दिवसांत पाकीट आलं. मी सही करून घेतलं आणि ड्रॉवरमध्ये जुन्या हजेरीपटांखाली सरकवलं.

मुलाखतीत कमिटीनं तिला विचारलं, नवऱ्याची बदली झाली की तुम्ही त्याच्यामागं जाणार ना? ती नाही म्हणाली, तेव्हा नवऱ्याला सोडून राहणारी बाई कशी काय, असं विचारलं. शेवटी अप्पांनी माझ्याकडं बघितलं. सर्टिफिकेट आलं का?

“अजून न्हाई, अप्पा.”

अप्पा फार हळहळले. देशासाठी काहीतरी करायची संधी कागदापायी गेली म्हणाले. सोमवारी माझी बायको रुजू झाली.

दुबलगुंडीची ती मात्र दर वर्षी सत्काराला येत राहिली. शालींचं तबक धरायचं काम माझंच. यंदा अप्पा माइकवर पुन्हा तेच प्राधान्याचं वाक्य बोलले, तेव्हा ती माझ्याकडं बघून हसली. त्या हसण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. दोन आठवडे तसेच काढले. मग एका रविवारी बस धरून दुबलगुंडीला उतरलो.

ती अंगणात उडीद पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तिचं सूप थांबलं नाही.

“मला म्हाईत हाय, अण्णा. ते पाकीट तुम्हाला दिलेला पोस्टमन माझा चुलत दीर हाय.”

मग तक्रार कामून केली नाही, मी विचारलं.

“तक्रारीचा अर्ज बी तुमच्याच टेबलावर आला असता की.”

मी म्हणालो, माफी मागायला आलोय, राजीनामा द्यायचीही तयारी आहे. हे खरं नव्हतं. बसमध्ये तयारी होती, दुबलगुंडीत उतरेपर्यंत गेली होती. पण तिला यातलं काहीच नको होतं. सहा वर्षं तिची सासू येईल त्याला सांगत होती, की हातातोंडाशी आलेली नोकरी हिनं घालवली, चार माणसांत हिला तोंड उघडता आलं नाही. पाकिटाचं तिनं सांगून पाहिलं होतं. सासूला ती शिकलेल्या बाईची सबब वाटली. तोफखान्यातला नवरा फोनवर दोघींनाही व्हय व्हय म्हणायचा.

“माझ्याफुडं बोलून काय करायलाव? अत्तीफुडं बोला,” ती म्हणाली. “जरा मोठ्यानं. त्येन्ला ऐकू कमी येतंय.”

म्हातारी सासू उंबऱ्यापाशी येऊन बसली. मी मान खाली घालून सांगितलं. ‘काय म्हणायलाय ह्यो?’ तिनं सुनेला विचारलं. सून उडीद पाखडतच राहिली. मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. शेजारच्या दारात दोन बायका आल्या, समोरच्या किराणा दुकानातलं बोलणं थांबलं. तिसऱ्यांदा मी ओरडलोच: सर्टिफिकेट वेळेत आलं होतं, मी दाबून ठेवलं, तुमच्या सुनेचं काही चुकलं नव्हतं.

म्हातारीनं सुनेकडं पाहिलं. सुनेनं सूप खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं. मग म्हातारी माझ्याकडं वळली.

“मग ती नोकरी कुणाला दिलास रं?”

“माझ्या बायकोला,” मी म्हणालो.

म्हातारीनं कानामागं हात धरला.